देव गप्प असेल तर रविवारी उपासनेला जायचं कशाला?

पायवाट (धागाकर्ती)
माझं म्हणणं आधीच मांडते, मग कुणाला काय झोडपायचं ते झोडपा. देव जवळ वाटेनासा झाला म्हणजे विश्वास सुटला, असं मी मानत नाही.

आईच्या आजारपणात मी प्रार्थनेला बसायचे आणि नुसते शब्द व्हायचे. ती गेल्यावरही तेच. तरी रविवारी जाते. स्तोत्रवाचनात एक ओळ पाळक (चर्चचे धर्मगुरू) वाचतात, पुढची मंडळी, त्यात मीही असते. भाऊ म्हणतो, मनात नाही तर ढोंग कशाला? मला ते ढोंग वाटत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. साक्ष द्यायची वेळ आली की सगळ्यांची चाल एकच: संकट आलं, गुडघे टेकले, प्रभूने मार्ग काढला, हालेलूया. ज्यांचा मार्ग निघाला नाही ते मागच्या बाकावर गप्प. शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र ते गप्प नाहीत. त्यातल्या १५० स्तोत्रांतला जवळजवळ तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. १३वं स्तोत्र देवाला ‘किती काळ?’ म्हणून विचारतं, पण शेवटाला सावरतं. ८८वं सावरतच नाही. अंधारातच संपतं आणि तसंच उपासनेसाठी जपून ठेवलं गेलं. आमच्याकडे २३वं पोरासोरांना पाठ आहे, ८८वं मात्र मी चर्चमध्ये एकदाही ऐकलेलं नाही.

तुमचं काय मत?

दवंडी
ताई, राग मानू नका, पण देव दूर जात नसतो, माणूस जातो. बायबलातलं यशया ५९:२ स्पष्ट आहे, तुमच्या अधर्मांनी तुमच्यात आणि देवात आडभिंत घातली. याकोब ४:८ पाहा, देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. उपास प्रार्थना धरा. कुणाला क्षमा करायची राहून गेली आहे का, ते तपासा. आमच्या सभेत असे कित्येक मोकळे झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ८८वं स्तोत्र उगाळत बसलात तर आहात तिथेच राहाल. तुमच्यासाठी प्रार्थना करतोच आहे.

पायवाट
दवंडी, यशयाच्या त्याच अध्यायातल्या पुढच्या ओळी वाचा ना. रक्ताने विटाळलेले हात, खोटं बोलणारे ओठ, न्यायाने दावा न करणारे लोक. हे आजारी आईच्या उशाशी बसलेल्या मुलीला लावायचं? बायबलातला ईयोब नीतिमान असून संकटात पडला, तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं, पाप शोध म्हणाले. ईयोब ४२:७ मध्ये देव त्या मित्रांतल्या अलीफजवर भडकतो, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलला होता? तक्रारीच तर!

उलटतपासणी
ख्रिस्ती घरातलाच आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा विधी) सगळं झालं, आता जात नाही. दोघांनाही एकच विचारतो. देव जवळ वाटला तर तो आहे. दूर वाटला तर तुमचं पाप. पाप सापडलं नाही तर परीक्षा. मग ‘तो नाहीच’ या शक्यतेला तुमच्या मांडणीत जागा कुठे आहे?

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली. देव जाणवत नाही, असं त्या वर्षानुवर्षं स्वतः लिहीत होत्या. ती पत्रं नष्ट करा, असंही सांगत होत्या. तुमच्याआमच्यापैकी कुणी असं लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, याचा विश्वास उडाला. त्यांना २०१६ मध्ये संतपद.

बावखल
वसईचा, कॅथलिक. मदरचं नाव काढलंच आहे तर पुरतं सांगतो. १९४६ च्या सप्टेंबरात दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांच्या सेवेचं बोलावणं झालं. काम सुरू झालं आणि अंधार आला, तो मधला थोडा काळ सोडला तर राहिलाच. पत्रं नष्ट करा म्हणाल्या, कारण लोक येशूपेक्षा माझाच विचार करतील ही त्यांची भीती होती.

१९६१ च्या सुमारास हे सगळं त्यांनी योसेफ नॉयनर या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) फादरांपाशी बोलून दाखवलं. फादर मूळ ऑस्ट्रियाचे, पण पुण्यात ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवत आणि २००९ मध्ये १०१व्या वर्षी पुण्यातच वारले. त्यांनी ना पाप शोधायला सांगितलं, ना प्रार्थना वाढवायला. म्हणाले ते साधारण असं: यावर माणसाच्या हातात इलाज नाही, देव जाणवणं हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, आणि त्याची एवढी ओढ लागते, हीच तो जवळ असल्याची खूण.

उलटतपासणी, तुमचा आक्षेप तिसऱ्या मुद्द्याला लागू पडेल. पहिल्या दोन मुद्द्यांना नाही.

उलटतपासणी
तिसऱ्यावरच तर सगळी इमारत उभी आहे! तहान वाळवंटातही लागते.

औषधपाणी
नर्स आहे, म्हणून बोलते. झोप उडालीय, जेवण जात नाही, महिनोन्‌महिने कशातच रस नाही, असं असेल तर आधी डॉक्टर. देव जाणवेनासा होण्याच्या काळाला म्हणतात ती ‘अंधारी रात्र’ ज्या संत जॉन ऑफ द क्रॉसच्या नावावर सांगितली जाते, त्याला १५७७ मध्ये त्याच्याच संघातल्या लोकांनी टोलेडोला कोंडून घातलं होतं. त्यानेही ही रात्र आणि उदासीचा विकार यांत फरक कसा करायचा, त्याच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. त्या काळातल्या संन्याशाला जे कळत होतं ते आपल्या प्रार्थनासभांना कळू नये?

दवंडींनी उपास सुचवला, त्याची मला धास्ती वाटते. बायबलातला संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं.

दवंडी
आणि त्याच अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगराला गेला, तेही वाचा. तिथे देव बोलला. उठला, चालला, म्हणून भेट झाली. डॉक्टरकडे जाऊ नका असं मी कुठे म्हटलं?

उलटतपासणी
पायवाट, तुम्हाला सरळ विचारतो. चर्च सोडलं तर महिला मंडळ सुटतं, सोयरीक जुळवताना अडतं, उद्या कबरस्तानात जागा द्यायलाही कुरकुर होते. आमच्या घरी हे सगळं पाहिलंय. मग टिकलंय ते काय, विश्वास की गोतावळा?

पायवाट
गोतावळाही टिकलाय, लपवायचं काय त्यात? आई गेली त्या रात्री मला प्रार्थना म्हणता येईना. महिला मंडळातल्या एका मावशींनी डबा ओट्यावर ठेवला आणि उभ्या उभ्याच माझ्या वतीने म्हटली. मी आमेनसुद्धा म्हटलं नाही.

कफर्णहूम गावी एका पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाटेसकट येशूपुढे खाली सोडलं. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो, येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ क्षमा केली. त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचाही. खाटेवरच्याला आतून काय वाटत होतं, ते मार्कने सांगितलेलंच नाही. माझं जाणं या हिशोबातलं आहे. सध्या मी खाटेवर आहे, चार जण धरून आहेत. विश्वास म्हणजे एकट्याच्या छातीतली ऊब, हे तुम्ही आणि दवंडी दोघंही धरून चाललात.

उलटतपासणी
युक्तिवाद चांगला आहे, पण तो माणूस खाट उचलून चालत घरी गेला. तुमच्या आईला उचलून आणणारे काय कमी होते?

पायवाट
नव्हते कमी. ती नाही उठली. त्याचा जाब मी मागते, पण देवालाच मागते, अजून उत्तर नाही. दवंडी, प्रार्थना खुशाल करा, फक्त ‘ताईंचं पाप’ हा विषय घेऊन नको.