'जीव दंडणे' म्हणजे उपासच का?

गोगलगाय: यहुदींच्या योम किप्पुरवरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसावरचा लेख मराठीत करतेय. बायबलातल्या लेवीय १६:२९ पाशी गाडी अडली. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी आपल्या 'नेफेश'ला, म्हणजे जिवाला, क्लेश द्या, अशी आज्ञा. उपासाला हिब्रूत 'त्सोम' हा सरळ शब्द आहे, तो इथे नाहीच. मी 'उपवास करा' लिहिलं, संपादकांनी 'जीव दंडावा' केलं. कळेल का कुणाला?

शंकासुर: संपादकांचं बरोबर. बायबलातल्याच यशया ५८ मध्ये उपास आणि जीव दंडणं जोडीने येतात, अर्थ तिथून लागतो. पुढे मिश्नाने, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाने, खाणंपिणं, अंघोळ, अंगाला तेल, पायताण आणि शरीरसंबंध अशा पाच गोष्टी वर्ज्य ठरवल्या. 'उपवास' लिहिलंत की चार गळाल्या.

रताळ्याचा कीस: त्यात आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. आमची आजी भगर-आमटी ओरपून 'आज उपास हो' म्हणायची. 'निर्जळी' करा.

शंकासुर: निर्जळी एकादशीला शोभते. आणि शब्द 'उपवास' आहे. उप + वास, जवळ राहणे.

रताळ्याचा कीस: घरात 'उपवास' बोलणारा माणूस दाखवा, मी त्याच्याजवळ राहायला जातो.

अलिबागकर: आमच्या इस्रायल आळीतल्या म्हाताऱ्या 'रोजा' म्हणत. बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, सरळ शब्द, फारसीतला. योम किप्पुर म्हणजे 'दरफाळणीचा सण': पांढरे कपडे, दारं बंद, माणसं आत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. दुकानाला रात्री फळ्या लावतात ना, त्या फळीवरूनच ही फाळणी, असा माझा कयास.

शंकासुर: ओढूनताणून. त्या दिवसाची शेवटची प्रार्थना 'नेइला', म्हणजे दारं मिटणं. त्याचंच मराठी झालं असणार.

अलिबागकर: कोकणात 'शमा' ही मुख्य यहुदी प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती. बाकीच्या प्रार्थना कोचीनच्या ज्यूंनी येऊन शिकवल्या. नेइला माहीत नसताना तिचं भाषांतर कोण करणार?

शंकासुर: दारं लावायची रीत टिकली, तर तिच्यामागची आठवण का टिकू नये?

गोगलगाय: अहो, अंक सोमवारी छपाईला जातोय. 'जीव दंडावा' ठेवू की नको?

रताळ्याचा कीस: अलिबागकर, 'शिळा सण' म्हणजे शिळासप्तमीसारखं आदल्या दिवशीचं खायचं का? पण आदल्या दिवशी तर चूलच थंड!