मदत हवी आहे: बॅटरी जोडली की मेन फ्यूज उडतो

शीतकडी:
इंजिन बदललंय. बसवून झालं, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) जोडून झाला, आणि आता बॅटरीचा क्लॅम्प टेकवला की हिरवट ठिणगी आणि फट्, मेन फ्यूज गेला. पाकीटभर फ्यूज संपले. फोंड्याचा वायरमन आणला, तो म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, नवा घ्या. चवथीला मुंबईची मंडळी येतात, त्याआधी गाडी चालू हवी. कारण काय ते पटकन सांगा. "चांगल्या मेकॅनिकला दाखवा" हे उत्तर नको.

नटबोल्ट_नानू:
गाडी कुठली? इंजिन कुठलं? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत का रे?

शीतकडी:
त्याने काय फरक पडतो, शॉर्ट तो शॉर्ट. एमजीए, ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९५८ ची, आजोबांनी पोर्तुगीज काळात घेतलेली. इंजिन मारुती जिप्सीचं १३००, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं. बेळगावला भंगारात ईसीएम आणि हार्नेससकट मिळालं. घरीच शेडमध्ये काम चाललंय.

अँबीवाला:
अरे देवा, एमजीएत जिप्सी! पात्रांव, तुझ्या गाडीचं मूळ इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १४८९ सीसी. तेच घराणं आपल्या अँबेसेडरचं. ते दुरुस्त करून घेतलं असतंस तर पार्ट अजून मिळाले असते. आणि नवीनच हवं होतं तर अँबेसेडरचंच इसुझू १८०० आहे, पाच गिअर, कार्ब्युरेटर. ना ईसीएम ना कटकट.

तिस्कवाला:
अँबीवाले काका, प्रत्येक धाग्यावर तुमची अँबेसेडर येतेच. बी-सिरीज म्हणजे लोखंडाचा गोळा, जिप्सीचं ब्लॉक-हेड दोन्ही ॲल्युमिनियम. शिवाय जिप्सीत ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ती केस काढून टाकली की गिअरबॉक्समधून सरळ मागच्या डिफरन्शियलला प्रॉपेलर शाफ्ट नेता येतो. मागची चाकं चालवणाऱ्या जुन्या गाडीला याहून सोयीचं इथे काही मिळत नाही. लांबी मापून लेथवर शाफ्ट कापून घ्यायचा, बॅलन्सिंग मात्र करून घ्यायचं.

अँबीवाला:
सोयीचं असेल, पण मिळालं काय? एमजीए १५०० ला ७० च्या आसपास हॉर्सपॉवर, जिप्सीला ८०. दहा घोड्यांसाठी एवढा उपद्व्याप!

कायद्याचं_बोला:
इंजिन नंबर आरसीवर चढवलात का? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर, पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं. ती संधी तुम्ही घालवलीत.

नटबोल्ट_नानू:
घालवली तर घालवली. व्हीए नंबरची गाडी रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची. ती घेऊन रोज बाजारात जाता येत नाही. कलम ५२ चं मात्र खरं आहे. शीतकडी, आरटीओत आधी विचारून ये.

शीतकडी:
मी फ्यूजबद्दल विचारलंय!!

सुलभा_वास्को:
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण आता इलेक्ट्रिकच करून टाका ना. आवाज नाही, धूर नाही.

तिस्कवाला:
सुलभाताई, आवाजासाठीच तर घेतात ही गाडी.

डायोडवाला:
फ्यूज वाया घालवणं बंद कर. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लाव. बल्ब भक्क पेटला की शॉर्ट आहे. मग एकेक वायर सोडवत जा. ज्या वायरला बल्ब विझेल ती तुझी वायर. आणि हे सांग, उडतो तेव्हा चावी चालू असते की बंद?

शीतकडी:
चावी खिशात असते. क्लॅम्प टेकवताक्षणी उडतो. बल्ब लावून बघतो.

शीतकडी:
अल्टरनेटरची जाड वायर सोडवली आणि बल्ब विझला. अल्टरनेटर खराब? नवाच घातलाय!

डायोडवाला:
थांब. बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे?

शीतकडी:
प्लस. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, प्लस बॉडीला. आजोबांपासून तसंच आहे. का?

नटबोल्ट_नानू:
आई गं.

तिस्कवाला:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंस बाबा!

डायोडवाला:
त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे प्लस बॉडीला. डायनॅमो होता तोवर चाललं. जिप्सीचा अल्टरनेटर, ईसीएम, सगळं निगेटिव्ह अर्थ. इंजिन ब्लॉक चेसिसला, म्हणजे आता तो प्लसला. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतात, पण बॅटरी अशी उलटी लागली की अल्टरनेटरमधल्या डायोडमधून तो सरळ वाहतो, म्हणून चावी न लावताच फ्यूज जातो. फ्यूज लगेच उडाला म्हणून ईसीएम कदाचित वाचला असेल, विकत आणू नकोस. बॅटरीच्या केबल उलट कर, निगेटिव्ह बॉडीला. बॉडीच्या टोकाखालचा रंग घासून लखलखीत धातू काढ, पावसाळ्यात तिथे गंज चढतो. डायनॅमोचा जुना कंट्रोल बॉक्स सर्किटमधून काढ. अल्टरनेटरचे डायोड तपासून घे. रेडिओ असेल तर आधी सोडव.

अँबीवाला:
आमच्या अँबेसेडरला असले प्रश्न येत नाहीत.

शीतकडी:
वायरमनने हे बघायला हवं होतं ना? पैसे मात्र घेऊन गेला. असो. केबल फिरवल्या, बल्ब पेटत नाही. फ्यूज लावला, टिकला. डायोड गेलेत, अल्टरनेटर दुरुस्तीला दिला. चावी फिरवली की चेक इंजिनचा दिवा लागतो. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. आता काय?

डायोडवाला:
दिवा लागला, म्हणजे ईसीएम जागा आहे. स्पार्क आहे?

शीतकडी:
चारही प्लगना.

तिस्कवाला:
मग पेट्रोल. पंप कुठला बसवलास? एमपीएफआयला अडीच-तीन बार दाब लागतो, शिवाय टाकीकडे परतीची लाइन.

शीतकडी:
पंप? मागचा एसयू कंपनीचा, गाडीचा मूळचा, कार्ब्युरेटरवाला. टिकटिक करतो, अगदी छान चालतो. त्याला काय झालं?