‘रचना कळली म्हणजे प्रोटीन कळलं’ हे मला मान्य नाही

ताळगाव_पठार:
काल डिचोलीकरांनी इथे पोस्ट टाकली, त्यांचं म्हणणं असं: प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड ह्या संगणक-प्रणालीने २० कोटींवर प्रोटीनच्या रचना सगळ्यांना खुल्या केल्या, २०२४ चं नोबेलही आलं, त्यामुळे पेशीतल्या मालवाहतुकीच्या प्रोटीनांचं कोडं सुटल्यात जमा, प्रोटीन म्हणजे कुलूप-किल्ली, किल्लीचा आकार कळला की विषय संपला. रात्री दोनदा वाचली, राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी सहा वर्षं ह्याच प्रोटीनांत गेलीत.

स्नेअर घ्या, म्हणजे मालाची पिशवी पेशीच्या पडद्याला जोडणारी प्रोटीनं. पुटिकेवर, म्हणजे त्या पिशवीवर, सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीच्या पडद्यावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. १९९८ ला स्फटिकातून दिसलेली ती चार पिळांची मोळी सगळ्यांनी पाहिलीय. पण ती शेवटची अवस्था आहे हो! एकटं सिनॅप्टोब्रेव्हिन पाण्यात सोडा, त्याला ठरलेला आकारच नसतो, ओल्या सुतासारखं लोंबतं. जोडीदार भेटले की पडद्यापासून लांबच्या टोकाकडून बॅगेची चेन लागत यावी तसं घट्ट होत येतं आणि त्या ओढीनेच दोन पडदे एक होतात. सगळं काम सैलाचं घट्ट होण्यात आहे, आणि तुम्ही घट्ट झालेल्याचा फोटो दाखवून म्हणता विषय संपला?

डिचोलीकर:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. अल्फाफोल्ड ज्या भागाबद्दल खात्री नाही तो केशरी रंगात दाखवतो, आणि तो भाग बहुतेकदा सैलच निघतो. म्हणजे सैलपणाही तोच सांगतोय ना? आणि १९९८ ची ती मोळी दिसली नसती तर चेन कुठून कुठे लागते हे तुम्ही कशावरून बोलला असता? आधी रचना, मग बाकी सगळं.

खरं सांगायचं तर ‘लवचिक’ ह्या शब्दाचाच मला राग आहे. प्रोटीनची रचना बघायला आधी त्याचं स्फटिक करावं लागतं, एमएस्सीच्या प्रोजेक्टला वर्षभर माझं ते येईना, गाईड दर वेळी एकच सांगायचे, प्रोटीन लवचिक आहे बाबा, काय करणार. शेवटी कळलं शुद्धीकरणातच घोळ होता. वर्ष गेलं माझं. तेव्हापासून कोणी लवचिक म्हटलं की मला पळवाट दिसते.

रायबंदरची:
तुमच्या गाईडचा राग प्रोटीनवर कशाला काढता? मी रोज चोडणची फेरी पकडते. बोट धक्क्याला येताना खलाशी दोर टाकतो, तो दोर लोखंडी कांब असता तर बोट जवळ आली असती का? ईईए१ हे पुटिका पकडणारं प्रोटीन नेमकं हेच करतं. लांबलचक, जवळजवळ २०० नॅनोमीटर, एरवी बऱ्यापैकी ताठ, म्हणजे लांबवरची पुटिका हाताला लागते. टोकाला पुटिकेवरचं रॅब५ प्रोटीन चिकटलं की ताठपणा जातो, काठीचा दोर होतो, दोर गोळा होतो आणि पुटिका ओढली जाते. २०१६ मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञान-नियतकालिकात आलंय. ह्यात कुलूप कुठलं आणि किल्ली कुठली ते सांगा.

कुंकळ्ळीकर:
विषय चांगला आहे, पण माझी वेगळीच तक्रार आहे. ह्या आकार नसलेल्या प्रोटीनांना मराठीत ‘अव्यवस्थित’ लिहितात ते बंद करा. अव्यवस्थित म्हणजे पोराची खोली. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. मी बारा वर्षं ट्यूशन घेतो, मुलं हमखास विचारतात, सर हा रोग आहे का?

ताळगाव_पठार:
मग काय म्हणायचं? ‘निराकार’?

कुंकळ्ळीकर:
निराकार नको, ते देवाला राहू दे. ‘सैल’ म्हणा.

डिचोलीकर:
सैल म्हणजे ढिला पडलेला. तोही बिघाडच. नवीन शब्द पाडण्यापेक्षा डिसऑर्डर्ड म्हणा आणि मोकळे व्हा. नाहीतरी आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजीत, कोणासाठी एवढी धडपड?

कुंकळ्ळीकर:
कोणासाठी म्हणजे? चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं ते पोर पाचवीत गप्प बसतं, त्याच्यासाठी. मी तसाच बसायचो. पेशीची आकृती घोकून काढायचो, आत काय चाललंय हे पहिल्यांदा कळलं ते कॉलेजला, एका मॅडमनी मराठीत समजावलं तेव्हा. हे तुम्ही ‘धडपड’ म्हणून उडवू नका. तुम्हाला शब्दाची गरज नाही कारण तुमच्या घरी इंग्रजी होतं!

डिचोलीकर:
माझ्या घरी इंग्रजी नव्हतं. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. माहीत नसताना बोलू नका.

कुंकळ्ळीकर:
बरं. ते चुकलं माझं. शब्दाचं मागे घेत नाही.

पागेरवाला:
शब्दावरून भांडताय म्हणून सांगतो, आमच्याकडे जाळ्याला सैल म्हणणं ही तक्रार नसते. पागेर, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकताना सैल पडला नाही तर उघडतच नाही. पुटिका बनताना तिच्याभोवती विणलं जाणारं क्लॅथ्रिन प्रोटीनचं जाळं बघा, तीन पायांचा एकच तुकडा, लहान पिंजरा करा की मोठा, पंचकोन १२ च, षटकोन तेवढे कमीजास्त. तोच तुकडा दोन्हीकडे बसतो कारण पाय थोडा वाकतो. थोडाच हां, सुतासारखा नाही, ताळगाववाल्यांनी सगळ्याला एकाच मापाने मोजू नये.

मडगावची_बाय:
मी नर्स होते, आता घरी असते. माझ्या आजोबांना शेतात पायाला खिळा लागून धनुर्वात झाला होता. मी नऊ वर्षांची. दाराचा आवाज झाला तरी अंग कमानीसारखं वाकायचं. गेले ते. पुढे नर्सिंगला शिकले की धनुर्वाताच्या जंतूचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं, स्नायूंना आवरायचा निरोप देणाऱ्या नसाच बंद पडतात. आणि डिचोलीकर बाब, मोळी पूर्ण बांधली गेली की त्या विषाला ती कापता येत नाही, सुटी असतानाच कापता येते. त्या सैल अवस्थेपायीच माझे आजोबा गेले. तिला पळवाट म्हणू नका.

डिचोलीकर:
बाय, तुमच्यापुढे काय बोलू. हे मला ठाऊक नव्हतं. तरी एक म्हणेन, विष नेमकं कुठे कापतं हे कळायलासुद्धा कोणीतरी साखळीतलं एकेक अमिनो आम्ल मोजलंच.

ताळगाव_पठार:
मोजलं, मान्य. १९९८ चं स्फटिक नसतं तर मी आज इथे नसतो, हेही मान्य. पण मोळी बांधून तशीच राहिली तर काय होतं ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबैद सिद्दिकी आणि अमेरिकेतले सेमूर बेंझर ह्यांच्या फळमाश्यांत दिसलं. १९७६ ला त्यांनी ‘कोमाटोज’ माश्या दिल्या, गरम केलं की लुळ्या. पुढे कळलं की बिघाड एनएसएफमध्ये आहे, पेशीचं इंधन एटीपी जाळून मोळी सोडवणारं प्रोटीन. ते थांबलं की बांधलेल्या मोळ्या साचत जातात. तुमची आवडती सुबक रचना साचते आणि माशी पडते.

आणि एपी२, म्हणजे पुटिका बनताना माल पकडून क्लॅथ्रिनशी जोडणारं प्रोटीन, त्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाही.

डिचोलीकर:
विचारलं कधी?

ताळगाव_पठार:
आता विचारतो. २००२ ची रचना बंद, माल पकडायची जागा आत दडलेली. २०१० ची उघडी. दोन्ही स्फटिकं, दोन्ही बरोबर. पडद्यावरच्या पीआयपी२ ह्या मेदाला टेकल्यावर ते उघडतं. ह्यातली किल्ली कुठली?

डिचोलीकर:
दोन्ही. म्हणजे कुठलीच नाही. ठीक आहे, कुलूप-किल्लीचं वाक्य काढतो. ‘सुटल्यात जमा’ राहू देतो, त्यावर उद्या बोलू, आज रात्रपाळी आहे.

कुंकळ्ळीकर:
काढताना तुमच्या पोस्टमधला खालचा ‘अव्यवस्थित’ही बघा. तीनदा आलाय.