पाय दिला तरी गाडी थबकते? सॉफ्टवेअर टाकून फरक पडला का? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ता, वर्धा रोड

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हल्ली रविवारी सकाळी एकच विषय असतो. गाडी नवी, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, लोनचे हप्ते अजून चालू. आणि ॲक्सिलरेटर दिला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम उसळी. रिकाम्या हायवेवर कळत नाही. छत्रपती चौकात उजवीकडे वळताना समोरून ट्रक आला की बरोबर कळतं. सर्व्हिस सेंटरला दोनच उत्तरं पाठ आहेत. 'साहेब, या मॉडेलचं कॅरेक्टरच असं आहे' हे पहिलं, आणि 'नवीन सॉफ्टवेअर आलंय, टाकून देतो' हे दुसरं.

धागा दुसऱ्या उत्तरासाठी आहे. टाकल्यावर खरंच फरक पडला का? कशात पडला? किती टिकला?

माझं आधी सांगतो. तीन सिलिंडर टर्बो, ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). सकाळी गाडी गुणाची. दुपारी, एसी फुल, रहाटे कॉलनीच्या सिग्नलला रांगत रांगत पुढे सरकल्यावर, वेग दहा-पंधरा, गिअर दुसरा: तेव्हा पाय दिला की थबकलीच. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं. आधी ती दुसऱ्या गिअरमध्येच अडून बसायची, आता त्या वेगाला मुकाट पहिल्यात उतरते. थबकणं निम्मं गेलं. उरलेलं टर्बोचं, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, आहे असं माझं मत. खालच्या आरपीएमला टर्बो फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच नसतो, तिथे सॉफ्टवेअर बापडं काय करणार?

लिहिण्याआधी एक लक्षात घ्या. आताच्या गाडीत पॅडलपासून इंजिनपर्यंत केबल नाही. पॅडलला सेन्सर असतो, तो ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला, फक्त कळवतो की मालकाला जोर पाहिजे. किती द्यायचा आणि कधी, हे ईसीयू ठरवतो. इंजिनचं तापमान, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं), एसीचा भार, धुराचे नियम, सगळं बघून. धुराचं बीएस६ मानक १ एप्रिल २०२० ला आलं, दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ ला. त्यात तर गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर काय सोडते तेही मोजतात. म्हणजे पॅडल ही विनंती झाली, हुकूम नाही. म्हणूनच नुसतं 'पिकअप नाही' लिहू नका. इंधन, गिअरबॉक्स, वेग, गिअर, ऊन की सकाळ, एसी चालू की बंद, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाईट लागला का, एवढं लिहा. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव नको. भांडण तिकडेच जातं आणि मुद्दा राहतो.

बुटीबोरी शिफ्टवाला

टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, २०२२ ची. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दिला की हिचके देऊन राहायची. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन चालू असताना, आरपीएमचा काटाही थोडा नाचायचा. लाईट नाही. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, 'नो फॉल्ट कोड', आणि ईसीयू अपडेट केला. बाप्पा, गाडी लोण्यासारखी! आठवडा गेला नाही तर पुन्हा तेच.

आता गंमत ऐका. ईसीयू चालता चालता शिकत असतो. पेट्रोल कमी पडतंय असं दिसलं की तो हळूहळू जास्त द्यायला लागतो आणि तो हिशेब लक्षात ठेवतो. अपडेट मारला की पुष्कळ गाड्यांत हा शिकलेला हिशेब पुसला जातो. पाटी कोरी, म्हणून थोडे दिवस गाडी वेगळी वाटते. दोष तिथंच असला तर तो पुन्हा तेच शिकतो.

मी गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचा एक स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल घेतला आणि मोबाईलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे हाच शिकलेला हिशेब टक्क्यांत, बघितला. आयडलला अधिक १८ च्या आसपास, आणि २५०० आरपीएम धरून ठेवला की अधिक ४. आमच्या प्लांटच्या मेंटेनन्समधला मित्र पाहताक्षणी म्हणाला, "अबे, हवा चोरून राहिली कुठूनतरी." आयडलला इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, ओढ जास्त असते, म्हणून फट असली तर न मोजलेली हवा तेव्हाच जास्त शिरते, आरपीएम वाढला की एकूण हवेत तिचा वाटा कमी होतो. कॉटन मार्केटजवळच्या फिटरने इनटेकमध्ये धूर सोडला. क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारी रबरी नळी असते ना, तिच्या वाकाच्या खालच्या बाजूने धुराची बारीक रेघ निघाली. नखाने दाबली तर रबर कडक, भेग अर्ध्या बोटाएवढी. वरून बघून जन्मात दिसली नसती. नळी बदलली, ट्रिम चार दिवसांत दोन-तीनवर आला. वॉरंटीत होती म्हणून बिल सर्व्हिस सेंटरलाच भरायला लावलं, पण त्यासाठी मोबाईलवरचे आकडे समोर ठेवावे लागले.

काटोल रोडची शिक्षिका

माझी छोटी हॅचबॅक, एएमटी. गिअर बदलताना मान डोलते हे मला घेतानाच माहीत होतं, त्याबद्दल रडगाणं नाही. एएमटी म्हणजे आपला साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक ॲक्च्युएटर करतो. तक्रार वेगळी होती: चढावर ब्रेक सोडला की गाडी पुढे सरकायच्या ऐवजी आधी मागे यायची, मग धक्का.

ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला ऑटोमॅटिकची सवय नाही." मी म्हटलं, "दादा, तुम्हीच चालवा जी, मी बाजूला बसते." सेमिनरी हिल्सच्या चढावर नेलं. गाडी मागे आली, मागच्या ॲक्टिवावाल्याने हॉर्न मारला, आणि तक्रार तिथल्या तिथे जॉबकार्डवर चढली. टीसीयूचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंप्युटरचं, सॉफ्टवेअर बदललं आणि 'क्लच लर्निंग' केलं, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो हे कंप्युटरला नव्याने शिकवलं. माझ्या मते फरक दुसऱ्या गोष्टीने पडला. क्लच झिजतो तशी पकडायची जागा सरकते, आणि कंप्युटर जुनीच जागा धरून बसतो. सॉफ्टवेअर सोडा, आधी लर्निंग मागा. फार वेळ लागत नाही त्याला.

धरमपेठचा डिझेलवाला

डिझेल, २०२१, घर ते सदर ऑफिस एवढंच चालणं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा, आणि गाडी ओढायलाच तयार नाही. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती जाळून साफ करायला एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. शंकरनगर चौक ते सदर यात कुठला तापतोय! साफसफाई सुरू होते, मी इंजिन बंद करतो, काम अर्धवट. हे वारंवार झालं की ईसीयू जोर कापतो.

अपडेट टाकला. जाळायची वेळ लवकर येते असं ते म्हणाले. मला तरी दिवा कमी वेळा दिसतो. पण खरा उपाय फुकटचा निघाला: महिन्यातून एखाद्या रविवारी शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं आणि २००० च्या वर आरपीएम धरून शांतपणे जाऊन यायचं. मर्यादा १२० ची आहे, तेवढीही लागत नाही. अजून एक: डिपस्टिक बघत जा. अर्धवट जाळण्यात काही गाड्यांत डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी चक्क वाढते. वाढलेलं ऑइल बघून खूश होऊ नये.

स्वावलंबीनगरचे काका

सगळा दोष ई२० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, टाकायची फॅशन आहे, म्हणून लिहितो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की ई० साठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई२० वर ६ ते ७ टक्के इंधनक्षमता घटेल, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. ॲव्हरेज घटेल हे मान्य. पण ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल वाढवतो, तेव्हा निरोगी गाडी त्यावर थबकायला नको. माझी थबकत होती ती थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेत) साचलेल्या काळ्या थरामुळे. साफ केली, आयडल लर्निंग केलं, संपलं.

कामठी रोड

काकांशी अर्धा सहमत. निरोगी गाडी थबकायला नको हे खरं, पण ज्या गाडीत इंजेक्टर किंवा पंप आधीच काठावर आहे तिला जास्त इंधन द्यावं लागलं की उघडी पडते. ई२० ने आजार आणला नाही, दाखवून दिला.

प्रतापनगर

मी बाहेरून रीमॅप केला, म्हणजे कंपनीबाहेरच्या माणसाकडून ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं. थबकणं पूर्ण गेलं, ओढ भन्नाट. पुढच्या सर्व्हिसला कंपनीचा अपडेट आला आणि त्यांनी न विचारता टाकला. माझा रीमॅप पुसला, पैसे पाण्यात. शिवाय ईसीयूमध्ये बाहेरची फाईल होती हे त्यांच्या मशीनला दिसलं आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर वाद सुरू आहे. ज्यांना करायचंय त्यांनी वॉरंटी संपल्यावर करा.

माजी वर्कशॉपवाला, आता स्वतःचं गॅरेज, मानेवाडा

बरीच वर्षं सर्व्हिस सेंटरच्या आत काढली, तर तिकडची बाजू.

'नो फॉल्ट कोड' म्हणजे दोष नाही असं नाही. बऱ्याच कोडसाठी सलग दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये तोच दोष दिसल्याशिवाय लाईट लागत नाही. एकदाच दिसला तर तो 'पेंडिंग'मध्ये बसतो, आणि घाईतला मुलगा पेंडिंग उघडतच नाही. तुम्ही उघडायला सांगा. कोड असेल तर सोबत 'फ्रीज फ्रेम' मागा. दोष आला त्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान काय होतं ते त्यात असतं. पी ०१७१ निघाला तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), पी ०२९९ तर टर्बोचा दाब कमी, पी ०३०० तर सिलिंडर पेटायला चुकतायत. हे निघालं असताना कोणी नुसतं सॉफ्टवेअर टाकून गाडी परत देत असेल तर घेऊ नका.

आता ऊन. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि जाममध्ये उभ्या गाडीचा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) स्वतःच तापून बसतो. हवा तापली की मिश्रण वेळेआधी पेटायची भीती, म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा देतो, टर्बोचा दाबही घटवतो. ड्राय क्लचचा (तेलात न बुडालेल्या क्लचचा) डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच गिअरबॉक्स, असेल तर क्लच तापू नये म्हणून टीसीयू वेगळाच सावध होतो. धागाकर्त्याची दुपारची तक्रार याच दोन्हींची बेरीज दिसते. रांगत जाऊ नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा. क्लच कमी घासतो.

फ्लॅश करताना, म्हणजे सॉफ्टवेअर टाकताना, बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलाय का ते डोळ्यांनी बघा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू जागेवर मुका होतो. आणि आधीचा व नंतरचा सॉफ्टवेअर नंबर जॉबकार्डवर लिहून घ्या. 'अपडेट केला' एवढ्या शब्दाला काही अर्थ नाही; कित्येकदा आधीच नवीन व्हर्जन असतं आणि फक्त लर्निंग रिसेट करून गाडी देतात.

धागाकर्ता, वर्धा रोड

@माजी वर्कशॉपवाला, जॉबकार्ड काढून बघितलं. माझ्या कार्डावर नुसतं 'एस/डब्ल्यू अपडेट डन' आहे. नंबर मागायला उद्या फोन करतो. पण लर्निंग झालं की खरा अपडेट, हे आता कसं ओळखायचं?

माजी वर्कशॉपवाला, मानेवाडा

गाडी त्या वेगाला पहिल्यात उतरायला लागली म्हणता, म्हणजे शिफ्टचा नकाशाच बदललाय. तो अपडेट खरा असावा. तरी कॅलिब्रेशन आयडी, म्हणजे सॉफ्टवेअरचा नंबर, स्कॅनरवर दिसतो. गॅरेजला या, बघून देतो, पैसे नको.

नंदनवन

माझं छोटं. स्टार्ट-स्टॉप बंद पडलं, गिअर उशिरा पडायला लागले, डॅशबोर्डवर भलभलते इशारे. सगळे सॉफ्टवेअरच्या मागे. बॅटरी उतरलेली निघाली. आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात, आधी ती तपासा.

सिव्हिल लाइन्सची वकील

कागदाचं मी सांगते. जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: 'दुपारी, एसी चालू, दहा-पंधराच्या वेगाला, पाय दिल्यावर प्रतिसाद उशिरा'. 'जनरल चेकअप' लिहिलेल्या कार्डाचा ग्राहक आयोगापुढे उपयोग शून्य. प्रत्येक भेटीचं कार्ड जपा. तोच दोष पुन्हा पुन्हा आल्याचा पुरावा त्यातून उभा राहतो. कंपनीला ईमेल करा, फोन नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे नाही जमलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच दाखल होतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. सर्व्हिस सेंटर गोड बोलत राहतं आणि दोन वर्षं भुर्रकन जातात, हे फार पाहिलंय.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, सदोष गाड्या परत बोलावण्याचं. आपली गाडी अशा मोहिमेत आहे का हे पुष्कळ कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून दिसतं. बघून घ्या, सर्व्हिस सेंटर स्वतःहून सांगेलच असं नाही.

काटोल रोडची शिक्षिका

वकील ताई, जॉबकार्डवर मराठीत लिहिलं तर चालतं ना? आमच्याकडे तो मुलगा म्हणे सिस्टिम घेत नाही.

सिव्हिल लाइन्सची वकील

सिस्टिम घेत नसेल तर छापलेल्या कार्डावर पेनने लिहा, त्याची सही घ्या, फोटो काढा. चालतं.

धागाकर्ता, वर्धा रोड

सीव्हीटीवाले (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) अजून कोणी बोलले नाहीत. हायब्रिडवालेही गप्प आहेत. लिहा रे, विशेषतः दुपारच्या जाममध्ये काय होतं ते.