नाक तर सगळ्यांनाच असतं!

श्वानपुराण: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "वास कुठलंही कुत्रं घेतं. लॅब्राडोर, मॅलिनॉय हे सगळं जातीचं कौतुक. आमचा मोत्या कपाटातलं बिस्कीट हुडकतो, मग स्फोटकं काय अवघड?" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. मोत्याला बिस्कीट हवं असतं. स्फोटक कुठल्याच कुत्र्याला नको असतं, त्याला हवा असतो बक्षिसाचा चेंडू! म्हणून निवडीच्या वेळी उंच गवतात चेंडू फेकतात आणि बघत बसतात. दोन मिनिटांत माणसाच्या तोंडाकडे बघायला लागलं की नापास. नाकाच्या आधी वेड तपासतात.

मोत्याचा_बाप: "कुणीतरी" मीच. चेंडूचं वेड आमच्याकडेही आहे.

श्वानपुराण: आणि मागे धाडकन भांडं पडलं तर?

मोत्याचा_बाप: पलंगाखाली. बरं, जिंकलात. पेढे वाटा.

जुना_हँडलर: कुत्र्यावरून कसले भांडताय? घोळ पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे कुत्रं हाताळणाऱ्या हँडलरपाशी असतो. 2011 साली कॅलिफोर्नियातला प्रयोग छापून आला. कुत्रं आणि हँडलर अशा 18 जोड्या, 144 शोध, मालाचा नमुना कुठेच ठेवलेला नाही. हँडलरना मात्र सांगितलं, लाल कागद दिसेल तिथे माल आहे. कुत्र्याचा 'सापडलं' असा एकही इशारा झाला नाही असे शोध फक्त 21.

तिरपागडा: तिथे इशारा झाला हे हँडलरच सांगत होते. कुत्रं खरंच बसलं की माणसानंच हात वर केला, कसं कळणार? अर्धवट वाचून इतरांना शिकवू नका.

जुना_हँडलर: वाचून नाही, भोगून सांगतोय. सरावाचे नमुने आम्ही कायम एकाच जातीच्या प्लास्टिक पिशवीत ठेवायचो. कुत्रा पास, सगळे खूश. एकदा चाचणीत कोरी, रिकामी पिशवी ठेवली. पठ्ठ्या तिच्यासमोर येऊन नीट बसला, शिकवल्यासारखा. पंजा लावला नाही, भुंकला नाही, फक्त शेपूट जमिनीवर आपटत माझ्या खिशातल्या चेंडूकडे बघत राहिला. इतके महिने तो पिशवीच शोधत होता.

तिरपागडा: म्हणजे तुमच्या आळसाचं खापर सगळ्या हँडलरांवर?

जुना_हँडलर: आळस माझाच. "खोटे इशारे देतो" हा शेरा मात्र त्याच्या वहीत पडला. तो खोडायला मला कुणी पेन दिलं नाही.

श्वानपुराण: म्हणूनच कोऱ्या पिशव्या, कोरे हातमोजे, कोऱ्या खोल्या सरावात हव्यात. आणि नमुना लपवणारा दर वेळी वेगळा, नाहीतर कुत्रं त्याच माणसाचा माग काढतं. मूळ मुद्दा निवडीचा होता, पण असो.

मोत्याचा_बाप: एवढं वाचून मोत्यासमोर बिस्किटाची रिकामी पिशवी धरली. बसला.