मदत हवी आहे : व्यसनमुक्ती उपचारांनंतर सोळा वर्षांच्या मुलाला समवयस्कांची सोबत कुठे मिळेल? (ठाणे-नवी मुंबई)

नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. माझ्या धाकट्या दिरांचा सोळा वर्षांचा मुलगा गांजाच्या व्यसनावरचे निवासी उपचार पूर्ण करून नुकताच घरी आला आहे. दिवसभर तो बरा असतो. मात्र क्लास सुटण्याची वेळ झाली की येरझाऱ्या घालू लागतो, नखांच्या कडा कुरतडतो, कारण पूर्वी त्याच सुमारास स्टेशनबाहेरच्या टपरीमागे त्यांचे टोळके जमत असे.

पहिले काही महिने नाजूक असतात, पाठपुरावा चुकवू नये आणि पाय घसरलाच तर सगळे वाया गेले असे न मानता लगेच संपर्क साधावा, हे समुपदेशकांनी नीट समजावले आहे. आमची अडचण वेगळी आहे. दीर त्याला एका स्वमदत गटाच्या सभेला घेऊन गेले. तिथे सर्वांनी आपुलकीने वागवले, पण बहुतेक जण दारू सोडलेले, चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ होते. "काकू, ते नोकरी गेल्याचं, बायको माहेरी गेल्याचं सांगतात, मी काय सांगू?" असे त्याने विचारले, आणि मला त्याचे म्हणणे रास्त वाटते. जुने मित्र तोड म्हणून सांगणाऱ्या मोठ्यांनीच नवे मित्र कुठे भेटतील हेही पाहायला हवे. अमेरिकेत अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा आहेत. आपल्याकडे आठवड्यातून एकदा भेटणारी पाच-सहा मुले मिळाली तरी पुष्कळ झाले.

अकरावीचे वर्ष हजेरीअभावी गेले. आता १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून करावी, असे दिरांचे मत आहे. तसे केल्यास तो दिवसभर घरात एकटा पडेल, याची मला फार धास्ती वाटते. जाऊबाईंना दर आठवड्याला घरीच लघवीची तपासणी करायची आहे. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश सोडल्यानंतरही काही आठवडे सापडू शकतो, त्यामुळे मुलगा खरे बोलत असूनही खोटा ठरेल, म्हणून मी तूर्त त्यांना थांबवले आहे.

डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था, पुण्याचे १९८६ पासूनचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आम्हाला माहीत आहे. ठाणे, ऐरोली किंवा वाशी परिसरात केवळ किशोरवयीनांसाठी चालणारा पाठपुरावा गट कोणाच्या प्रत्यक्ष अनुभवातला असल्यास कृपया कळवावे. तसेच कॉलेजात पुन्हा प्रवेश घेताना प्राचार्यांना कितपत सांगावे, हे अशा प्रसंगातून गेलेल्या पालकांनी लिहिल्यास मोठी मदत होईल. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून अधिक तपशील व्यक्तिगत निरोपातून देईन.