मदत हवी आहे : खिळवून ठेवणारी, खमक्या नायिकेची कादंबरी सुचवा

मंडळी, धाकट्या बहिणीसाठी कादंबऱ्या शोधतेय. सध्या तिच्या हातात कविता महाजनांची 'ब्र' आहे आणि ती खाली ठेवायला तयार नाही. त्यातली प्रफुल्ला आदिवासी पाड्यांमधल्या निवडून आलेल्या बायकांना भेटत हिंडते, त्यांचं ऐकता ऐकता स्वतःच्या संसाराचाही हिशेब मांडते. भाषणबाजी न करता बाई उभी राहताना दिसते, हेच तिला भावलं. असंच काहीतरी हवंय.

गौरी देशपांडे घरात आहेत, त्या तिने आधीच फस्त केल्यात. विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' मी दिली. 1934 सालचं पुस्तक, पण अचला आजच्या मालिकांतल्या सुनांपेक्षा कितीतरी धीट! मेघना पेठेंची 'नातिचरामि' यादीत आहेच.

आता अडचण अशी, की दुकानात विचारलं की द्रौपदी नाहीतर कुंतीच पुढे करतात. पौराणिक नको, निदान सध्या तरी. सोसून सोसून देवी झालेली नायिका तर अजिबातच नको. चुकणारी, भांडणारी, स्वतः कमावणारी चालेल. प्रेमप्रकरण असलं तरी हरकत नाही, फक्त शेवटी लग्न लावून विषय मिटवलेला नसावा.

रहस्यकथेत बाईच तपास करतेय असं मराठीत काही आहे का? बंगाली, कन्नडमधून आलेले चांगले अनुवादही सांगा. नावासोबत कादंबरी का आवडली तेही दोन ओळींत लिहा ना, आणि शेवट मात्र फोडू नका.